प्रश्न तुझा आहे का?

प्रिय बेटा,

तुझं पत्र मिळालं. कुठलं मॉडेल घेऊ, किती अॅक्युरसी म्हणजे अचूकता पुरे, पेपर कुठे टाकू, सगळं विचारलंस. प्रश्न काय आहे ते मात्र कुठेच नाही. वडील यावलला केळी लावतात आणि लेक टोमॅटोच्या पानांचे फोटो बघून रोग ओळखणारं संगणकाचं मॉडेल करून आयटीतली पीएच.डी. करणार, का तर फोटोंचा साठा, म्हणजे डेटासेट, तयार मिळतो!

तो प्लँटव्हिलेज नावाचा डेटासेट मला ठाऊक आहे. पानांचे ५४,३०६ फोटो, १४ पिकं. केळी त्यात नाहीच. २०१६ च्या पेपरात त्यावर ९९.३५ टक्के अॅक्युरसी आली आणि सगळे त्या आकड्यामागे धावले. बाहेरून मिळवलेले फोटो दिल्यावर तीच ३१ टक्क्यांच्या आसपास घसरली, हेही त्याच पेपरात आहे. तेवढं कोणी वाचत नाही.

बागेत पान त्या फोटोंतल्यासारखं टेबलावर मांडून ठेवलेलं नसतं. मे महिन्यात कडा उन्हानं भाजतात, वाऱ्यानं पान फाटून चिंध्या होतात, वर धुळीचा थर. करपा हा केळीचा रोग खालच्या जुन्या पानांवर आधी दिसतो: बारीक पिवळट रेघ, मग तपकिरी ठिपका, मध्ये राखाडी, भोवती पिवळी कड. भाजलेलं कुठलं, करपा कुठला, हे तुझ्या वडिलांना बांधावरून कळतं. मॉडेलला कळेल का? हा झाला प्रश्न. हरण्या हा विषाणूचा रोग लागला की झाड उपटावंच लागतं. मग पोंगा, म्हणजे मधलं न उलगडलेलं कोवळं पान, सडायच्या आधी, नुसत्या पिवळ्या पट्ट्यांवरून तो ओळखता येईल? हाही प्रश्नच. आणि तुझा, दुसऱ्या कोणाचा नाही.

गाईड म्हणतात तीन वर्षांत उरकू. तीन ही किमान मुदत आहे गं! यूजीसीच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमात सहा वर्षं मिळतात, मुलींना त्याहूनही सवलत. मग घाई कोणाला आहे?

मी अहिराणी ऐकून मजकूर करणारी प्रणाली करायला घेतली, तेव्हा मलाही सांगितलं होतं, हिंदी घे, डेटा तयार आहे. नाही घेतली. साक्रीच्या बाजारात माणसं रेकॉर्ड करत फिरलो. बरोबरचे विभागप्रमुख झाले, मी कितीतरी वर्षं तासिका तत्त्वावर. त्याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण त्यांचे प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, आहेत, उघडून बघ. एकाचं पहिलं प्रकरण दुसऱ्याला जोडलं तरी कोणाला पत्ता लागणार नाही. जळून लिहितोय म्हणशील. थोडं आहेच तसं. तरी माझा प्रश्न माझा होता.

पेपरचं नंतर बघू. पैसे भरून दोन दिवसांत छापून देणाऱ्यांचे मेसेज आले की सरळ ब्लॉक कर. गाईडशी भांडू नकोस. सल्लागार समितीपुढे सहामाही सादरीकरण असतं, तिथे बागेतले फोटो ठेव आणि तयार मॉडेल त्यांवर कसं आपटतं ते दाखव.

एकाच झाडाचे फोटो ट्रेनिंग आणि टेस्ट दोन्हीकडे जाऊ देऊ नकोस, नाहीतर मॉडेलनं आधीच पाहिलेल्या झाडांवर ९९ टक्के तुलाही मिळतील आणि ते खोटे असतील. यावलच्या बागांवर शिकव, रावेरच्या बागांवर तपास. फोटो तुझ्या नव्या फोनबरोबर वडिलांच्या जुन्या, ओरखडे पडलेल्या फोनवरही काढ. उद्या वापरायचंय ते त्यांनाच.

तुझा,
सर