बाटलीतल्या रक्तातून मलेरिया: आईच्या तापाबद्दल

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे बाकीच्यांना संदर्भ लागेल. आईचं खुब्याचं ऑपरेशन झालं, लालपेशींच्या दोन पिशव्या चढवल्या, बाराव्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला आणि रिपोर्टात व्हायव्हॅक्स मलेरिया निघाला. त्यावर इथल्याच एका सदस्यांनी ठामपणे लिहिलं की पिशवी तपासलेली असते, रक्तातून मलेरिया येणं शक्यच नाही. मी एका जिल्ह्याच्या गावी रक्तपेढीत तंत्रज्ञ म्हणून २६ वर्षं काढली. शक्य आहे. क्वचित घडतं, पण घडतं.

आपल्याकडे प्रत्येक पिशवीच्या पाच तपासण्या बंधनकारक आहेत: एचआयव्ही, कावीळ बी, कावीळ सी, सिफिलिस आणि मलेरिया. त्यात मलेरियाची तपासणी सगळ्यात लंगडी. एकतर काचपट्टीवर थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं, नाहीतर रॅपिड किट वापरायचं. आजारी माणसात परजीवी भरपूर असतात, तिथे दोन्ही उत्तम चालतं. पण आजारी माणूस रक्त द्यायला येतच नाही. येतो तो चालताफिरता, ज्याच्या अंगात थोडे परजीवी उरलेत आणि त्याला पत्ताही नाही. समजा त्याच्या रक्तात एका मायक्रोलीटरला १० परजीवी आहेत. शिबिराच्या दुसऱ्या दिवशी शेदीडशे नमुने समोर असताना एवढे कमी कुणाच्याही नजरेतून सुटतील, किटवरही रेघ उमटणार नाही. आता ३५० मिलिलीटरच्या पिशवीचा हिशोब करा: ३५ लाख. लागण व्हायला त्यातले मूठभरही पुरतात.

फ्रीजमध्ये मरत नाहीत का, हे दरवेळी कुणीतरी विचारतं. रक्त २ ते ६ अंशांवर ठेवतात, त्यात परजीवी आठवडा-दहा दिवस सहज तग धरतात, त्यानंतरच्या पिशव्यांतूनही लागण झाल्याची उदाहरणं आहेत. गोठवलेल्या प्लाझ्मातून भीती जवळजवळ नाही. प्लेटलेटमध्ये थोड्या लालपेशी राहतात, म्हणून तिथे थोडी आहे. थॅलेसेमियाच्या मुलांचे पालक फिल्टर केलेल्या रक्ताबद्दल विचारतात. तो फिल्टर पांढऱ्या पेशी अडवतो. मलेरियाचा परजीवी बसलेला असतो लालपेशीच्या पोटात, तो पेशीबरोबर आरामात पलीकडे जातो.

म्हणजे खरी गाळणी आहे ती रक्तदात्याचा फॉर्म. 'गेल्या तीन महिन्यांत मलेरिया झाला होता का?' या ओळीवर सगळं उभं आहे, आणि ती ओळ लोक न वाचता 'नाही' करतात.

एकदा गणपतीतल्या शिबिरात विशीतला एक मुलगा टेबलाशी आला. वजन, हिमोग्लोबिन सगळं फक्कड. मागे मित्रांची रांग, हातात मंडळाने दिलेलं बिस्किटाचं पाकीट. ताप-बिप आला होता का विचारलं तर म्हणाला, "नाही काका." कॉटवर आडवा होताना शर्टाच्या खिशातली गोळ्यांची पट्टी खाली पडली. प्रायमाक्विन, म्हणजे मलेरियाचं औषध. चौदा दिवसांचा कोर्स, त्यातल्या पाच गोळ्या शिल्लक! म्हणाला, "ताप तर केव्हाच गेला, आता नुसत्या गोळ्या चालू आहेत." तो खोटं बोलत नव्हता, त्याच्या लेखी आजार संपला होता. पट्टी खिशातच राहिली असती तर मी सुई टोचली असती.

तेव्हापासून मी 'मलेरिया' हा शब्दच वापरायचं सोडलं. "तीन महिन्यांत थंडी वाजली का? रक्त तपासायला दिलं होतं का? गोळ्या किती दिवस घेतल्या?" असं विचारलं की माणसं बोलतात.

अमेरिकेत मलेरिया होऊन गेलेल्याला ३ वर्षं रक्त देऊ देत नाहीत. आपण ३ महिन्यांवर भागवतो, कारण तो नियम इथे लावला तर पावसाळ्यात पेढ्या ओस पडतील. आणि 'परक्याचं नको, घरच्याचंच रक्त द्या' हा आग्रह तर अगदी उलटा. भाऊ आत टेबलावर असताना बाहेरचा भाऊ महिन्यापूर्वीचा ताप सांगत नाही. स्वेच्छेने, नेमाने देणारा माणूस जास्त खरं बोलतो, हा माझा अनुभव.

आता आईचं. बारा दिवस हा आकडा दोन्हीकडे बसतो. डास चावल्यावरही व्हायव्हॅक्सचा ताप साधारण तेवढ्याच दिवसांनी येतो, आणि तुम्ही मुंबईत, ऑगस्टात. त्यामुळे पिशवीच कारण, असं मी इथे बसून म्हणणार नाही. (रक्त चढताना किंवा त्यानंतर चारेक तासांत येणारा ताप वेगळा, ती रिअ‍ॅक्शन. मलेरियाला दिवस लागतात.)

पण दोन गोष्टी आजच करा. एक, उपचार करणाऱ्या डॉक्टरांना रक्त चढवल्याचं तारखेसकट सांगा. डासाने दिलेला व्हायव्हॅक्स आधी यकृतात शिरतो, काही परजीवी तिथे दडून बसतात आणि महिन्यांनी पुन्हा ताप आणतात. प्रायमाक्विन त्यांच्यासाठी असतं. रक्तातून थेट आलेल्या मलेरियात ही यकृताची पायरीच नसते, त्यामुळे ते औषध लागतं की नाही हे डॉक्टर ठरवतील. त्याआधी जी६पीडी (लालपेशीतलं एक एन्झाइम, ते कमी असेल तर या औषधाने लालपेशी फुटू शकतात) तपासतात, तेही विचारा. डासाची शक्यता असल्याने त्यांनी गोळ्या दिल्या तर मात्र माझं वाचून बंद करू नका.

दुसरं, रक्तपेढीला लेखी कळवा. भांडायला जाऊ नका. त्या दोन्ही दात्यांना बोलावून त्यांची तपासणी करता येते आणि त्याच दानातून वेगळा काढलेला घटक अजून वापरला नसेल तर तो थांबवता येतो. रक्ताने झालेल्या त्रासाची नोंद ठेवणारा हिमोव्हिजिलन्सचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१२ पासून आहे, तुमची केस तिथपर्यंत पोचवणं हे पेढीचं आणि रुग्णालयाचं काम. आपल्याकडे फार थोडं कळवलं जातं, म्हणून 'असं होतच नाही' असं वाटत राहतं.

कळवताना पिशवीचा क्रमांक लागेल. डिस्चार्ज कार्डावर बहुतेक नसतो. क्रॉसमॅचच्या (रक्त जुळतं का ते बघण्याच्या तपासणीच्या) कागदावर असतो, किंवा केसपेपरच्या आत स्टिकर चिकटवलेला असतो. रेकॉर्ड रूममधून त्या पानाची झेरॉक्स मागून घ्या.