फ्यूचुरा: कंपासानं न काढलेलं वर्तुळ

फ्यूचुरा हा बाउहाउस या जर्मन कलाशाळेचा फॉन्ट, असं बऱ्याच ठिकाणी वाचलं. खरं आहे का?

नाही. फ्यूचुरा घडवणारे पाउल रेनर बाउहाउसमध्ये ना शिकले, ना त्यांनी तिथं शिकवलं. ते मूळचे चित्रकार आणि पुस्तकांची मांडणी करणारे. १९२४ च्या सुमारास त्यांनी या अक्षरांची रेखाटनं सुरू केली आणि १९२७ मध्ये फ्रँकफर्टच्या बाउअर फाउंड्रीनं, म्हणजे अक्षरं ओतणाऱ्या कारखान्यानं, छपाईचे खिळे बाजारात आणले. रेनर तेव्हा पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते, म्हणजे बंडखोर तरुण वगैरे नक्कीच नव्हते.

बाउहाउसचा खरा प्रयोग हर्बर्ट बायर यांचा. त्यांनी कॅपिटल अक्षरंच काढून टाकली, पण त्या वर्णमालेचे खिळे काही कुणी ओतले नाहीत. रेनर नेमके उलट दिशेनं गेले. फ्यूचुराची कॅपिटल्स पाहा: 'ई', 'एफ', 'एल', 'एस' अरुंद, 'ओ', 'सी', 'जी' ऐसपैस. हे प्रमाण आलंय प्राचीन रोमन शिलालेखांतून. स्मॉल 'बी', 'डी', 'एल' यांचे दांडे कॅपिटल्सच्याही वर जातात, ती जुन्या पुस्तकी टाइपाची खूण. फ्यूचुरा जवळजवळ शंभर वर्षं टिकला तो या जुनेपणामुळे, असं माझं मत. नुसती भूमिती घेऊन आलेले त्या काळातले बरेच टाइप आज फक्त नमुना-पुस्तकांत सापडतात.

वर्तुळं आणि सारख्या जाडीच्या पट्ट्या घेऊन मी स्वतः अक्षरं काढली. फ्यूचुरासारखी दिसत नाहीत, बेढब वाटतात. कुठं चुकतंय?

तुम्ही मोजमापावर विश्वास ठेवलात. रेनर यांनी डोळ्यावर ठेवला.

डोळ्याला आडवी रेघ त्याच जाडीच्या उभ्या रेघेपेक्षा जाड वाटते. म्हणून फ्यूचुरातल्या आडव्या रेघा किंचित बारीक आहेत. 'ओ' सरळ अक्षरांच्या उंचीइतकाच काढला तर खुजा दिसतो, म्हणून तो वरून-खालून ओळीबाहेर जरासा डोकावतो. 'ए'चं टोकदार शिखरही तसंच वर निघतं. सगळ्यात महत्त्वाची जागा म्हणजे 'बी', 'डी', 'पी' यांत गोल भाग दांड्याला मिळतो तो सांधा. तिथं रेघ निमुळती होत जाते. तुमच्या अक्षरांत तिथं काळा डाग धरला असणार. जाड वळणांत तर हे सगळं आणखी वाढतं, कारण आतली पोकळी बुजू लागते. एक्स्ट्रा बोल्ड मोठा करून पाहा, कंपास कुठंच लागू पडणार नाही.

गंमत म्हणजे रेनर यांचे पहिले आराखडे तुमच्यासारखेच कडक भूमितीचे होते. त्यांतला 'आर' म्हणजे उभी दांडी आणि शेजारी सुटा ठिपका! अशी अक्षरं पुढं मागं पडली, ते बरंच झालं.

नाझींनी फ्यूचुरावर बंदी घातली होती म्हणतात...

फ्यूचुरावर नाही, गंडांतर आलं ते रेनर यांच्यावर. नाझींच्या सांस्कृतिक धोरणावर टीका करणारी पुस्तिका त्यांनी १९३२ मध्ये लिहिली. १९३३ मध्ये त्यांना अटक झाली आणि म्युनिकमधली शिक्षकाची नोकरी गेली. टाइप मात्र विकला जात राहिला. बंदी आली ती १९४१ मध्ये, तीही उलट्या टोकाची: जिला 'अस्सल जर्मन' म्हणून मिरवलं, ती फ्राकटुर वळणाची, तुटक टोकदार रेघांची लिपी राजवटीनंच 'ज्यू अक्षरं' ठरवून मोडीत काढली.

चंद्रावरच्या पाटीवर फ्यूचुरा आहे का? आणि इकियानं तो का सोडला?

हो, आहे. जुलै १९६९ मध्ये अपोलो ११ च्या चांद्रयानाच्या पायावर बसवलेल्या पोलादी पाटीचा मजकूर फ्यूचुराच्या कॅपिटल्समध्ये आहे. फोक्सवागनच्या १९५९ पासूनच्या गाजलेल्या अमेरिकी जाहिराती आणि चित्रकर्ती बार्बरा क्रूगर यांची लाल पट्टीवरची पांढरी तिरकी वाक्यं, तीही याच घराण्यातली.

इकियानं २००९ मध्ये फ्यूचुरा सोडून व्हर्डाना घेतला. कारण व्यवहारी होतं: छापील कॅटलॉग आणि वेबसाइट दोन्हीकडे, अनेक लिप्यांत, एकच अक्षर हवं होतं. डिझायनर मंडळींनी बराच गहजब केला. राग मलाही पटतो. पडद्यावरच्या बारीक मजकुरासाठी घडवलेला व्हर्डाना भल्यामोठ्या शीर्षकात ओबडधोबड दिसतो.

दीडशे पानांचा अहवाल फ्यूचुरात लावला तर चालेल?

लावू नका. त्यातला स्मॉल 'ए' म्हणजे 'ओ'ला जोडलेली दांडी, त्यामुळे लहान आकारात दोन्ही एकसारखे भासतात. 'बी', 'डी', 'पी', 'क्यू' एकमेकांची प्रतिबिंबं. कॅपिटल 'आय' आणि स्मॉल 'एल' दोन्ही नुसत्या काठ्या. शिवाय स्मॉल अक्षरांचं अंग बुटकं, म्हणून १० पॉइंटचा मजकूर इतर फॉन्टच्या ९ पॉइंटसारखा वाटतो. दोन-तीन पानांत डोळे थकतात.

मुखपृष्ठ, प्रकरणांची नावं, तक्त्यांचे मथळे यांसाठी जरूर वापरा. कॅपिटल्समध्ये अक्षरांतलं अंतर थोडं वाढवा, स्मॉल अक्षरांचं मुळीच वाढवू नका. आतला मजकूर एखाद्या पुस्तकी सेरिफमध्ये, म्हणजे रेघांच्या टोकांना छोटे पाय असलेल्या फॉन्टमध्ये, लावा. सेरिफ नकोच असेल तर आद्रियां फ्रुटिगर यांचा १९८८ चा अव्हेनिर बघा. भूमितीची तीच ओढ त्यात आहे, पण स्मॉल 'ए' दुमजली (छापील पुस्तकांतल्यासारखा, वर वळलेल्या टोकाचा) आहे आणि तो निमूटपणे वाचू देतो.

फुकट मिळणारा फ्यूचुरा कोणता?

जोस्त. फ्यूचुराची हुबेहूब प्रत नाही, पण १९२० च्या दशकातल्या त्याच जर्मन घडणीवर बेतलेला, मुक्त परवान्याचा, बऱ्याच जाड्यांत मिळणारा. नावही बाउअर फाउंड्रीचे कलासंचालक हाइनरिश जोस्त यांच्यावरून ठेवलंय. सेंच्युरी गॉथिकला फ्यूचुरा समजून वापरू नका. त्याची अक्षरं बरीच रुंद आहेत, तेवढाच मजकूर जास्त जागा खाईल.