मनोविकार वॉर्डातला रुग्ण अचानक असंबद्ध बोलू लागला, तर कारण मानसिक आहे की शारीरिक, हे नर्सने कसं ओळखायचं?

तुम्ही जीएनएमच्या (नर्सिंगच्या डिप्लोमाच्या) तिसऱ्या वर्षाला आहात, मनोविकार विभागात पोस्टिंग आहे, आणि तुमचा प्रश्न असा की रात्रपाळीत रुग्ण बरळायला लागला तर 'आजार उफाळला' म्हणून सकाळपर्यंत थांबायचं की डॉक्टरांना उठवायचं. काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत सुरू झालेला गोंधळ हा डिलिरियमच, म्हणजे शारीरिक कारणाने मेंदूचं काम अचानक बिघडून आलेला गोंधळ आहे असं धरून चाला आणि उठवा. रुग्ण स्किझोफ्रेनियाचा जुना असला तरीही. केस पेपरवर जुनं निदान दिसलं की सगळ्यांची नजर तिथेच अडकते आणि न्यूमोनिया, उतरलेलं सोडियम किंवा पडून डोक्याला लागलेला मार नजरेतून सुटतो.

प्रश्न विचारण्याआधी ताप, नाडी, बीपी, श्वास, ऑक्सिजन आणि ग्लुकोमीटरवर साखर बघा. साखर ७०च्या बरीच खाली गेलेला माणूस घामेजतो, चिडतो, अंगावर धावून येतो. हे बाहेरून हुबेहूब मानसिक झटक्यासारखं दिसतं. नातेवाइकांना शेवटची दारू कधी घेतली ते स्पष्ट विचारा. दारू अचानक बंद झाली की शेवटच्या पेल्यानंतर हातांची थरथर सहसा ६ ते २४ तासांत सुरू होते, फिट बहुधा पहिल्या ४८ तासांत येते आणि डिलिरियम ट्रेमेन्स (दारू सुटल्याने येणारा गंभीर डिलिरियम) साधारण ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान. पाय मोडून हाडांच्या वॉर्डात दाखल झालेला माणूस तिसऱ्या रात्री भिंतीवरचे किडे झटकू लागतो, तो यामुळेच. अशा रुग्णाला ग्लुकोज लावण्याआधी किंवा निदान त्याच्यासोबत थायामिन (व्हिटॅमिन बी१) गेलंच पाहिजे, ही आठवण तुम्ही करून द्या. साखर खरोखर कमी असेल तर मात्र थायामिनसाठी ग्लुकोज अडवून ठेवू नका.

आता मुख्य तपासणी, म्हणजे लक्ष टिकतं का ते पाहणं. वार उलटे म्हणायला सांगा, रविवारपासून मागे. शाळा न पाहिलेल्या आजीलाही हे सहसा जमतं. डिलिरियममधला रुग्ण 'शनिवार, शुक्रवार' म्हणतो, मग 'शनिवार, रविवार' असा सुलट वळतो, नाहीतर मध्येच थांबून पंख्याकडे बघत बसतो. बोलता येत नसेल तर त्याचा हात हातात घ्या, सेकंदाला एक या गतीने आकडे म्हणा आणि 'पाच' ऐकलं की हात दाबायला सांगा. सुटलेले 'पाच' मोजा, भलत्याच आकड्याला दाबलेलेही मोजा. शंभरातून सात वजा करत जायची चाचणी मला आपल्या सरकारी वॉर्डांत फारशी उपयोगाची वाटत नाही; तिथे बऱ्याचदा लक्षाऐवजी शाळेचीच परीक्षा होते.

तारखेचंही तसंच. महिनाभर वॉर्डात असलेल्या माणसाला तारीख सांगता आली नाही म्हणून बिघडत नाही. आत्ता सकाळ आहे की रात्र, आपण कुठे आहोत, कोणता सण नुकताच झाला, गावचा बाजार कोणत्या वारी भरतो, शेतात पेरणी चालू असेल की काढणी, हे विचारा. मात्र उत्तर नातेवाइकांकडून पडताळून घ्या.

सायकोसिसचा (भास-भ्रमांच्या मानसिक आजाराचा) रुग्ण आवाज ऐकत असला तरी बहुधा पूर्ण जागा असतो आणि दुपारी काय जेवला ते सांगतो. डिलिरियममध्ये शुद्धच कमी-जास्त होते, संध्याकाळनंतर जास्त बिघडते आणि नसलेल्या वस्तू डोळ्यांना दिसतात. म्हणून एका तपासणीवर निकाल देऊ नका. दर पाळीला तीच चाचणी पुन्हा करा. सकाळच्या राउंडला रुग्ण अगदी व्यवस्थित बोलतो आणि 'सिस्टर, हा तर ठीक आहे' असं ऐकावं लागतं, तेव्हा तुमची रात्रीची नोंदच कामाला येते.

मज्जासंस्थेची तपासणी तीन-चार मिनिटांत होते. दोन्ही बाहुल्या सारख्या आहेत का आणि उजेडाला आकसतात का ते बघा. डोळे मिटून, तळवे वर करून हात समोर धरायला लावा. १० सेकंदांत एक हात खाली घसरून तळवा आत वळला तर त्या बाजूला कमजोरी आहे. मग हात तसेच पुढे ठेवून मनगटं मागे वळवायला सांगा. पंजे फडफडले तर यकृताचा विचार करा आणि झोपेचं इंजेक्शन देण्याआधी डॉक्टरांना सांगा. शेवटी चार पावलं चालवा, तोल बघा.

आमच्या विभागात औषधंही बऱ्याचदा कारण असतात. ट्रायहेक्सीफेनिडिल (अँटिसायकोटिकमुळे येणारा ताठरपणा कमी करायला देतात ते औषध) जास्त झालं की तोंड आणि कातडी कोरडी, बाहुल्या मोठ्या, नाडी जलद, लघवी तुंबलेली, आणि त्यावर भ्रम. लिथियम (मूड स्थिर ठेवणारं औषध) घेणाऱ्या रुग्णाला जुलाब, मोठी थरथर, जड जीभ आणि झोकांड्या दिसल्या तर पुढचा डोस थांबवून लगेच कळवा. अँटिसायकोटिक (सायकोसिसवरचं औषध) चालू असताना ताप आणि काठीसारखं ताठ अंग असेल, तर ती तातडीची अवस्था आहे.

सगळ्यांत जास्त सुटतो तो गप्प रुग्ण. पडून राहतो, खात नाही, त्रास देत नाही, म्हणून 'डिप्रेशन' लिहिलं जातं. त्यालाही वार उलटे विचारा.

नोंदीत 'कन्फ्यूज्ड' एवढंच लिहू नका. असं लिहा: 'रात्री २.१०. हाक मारल्यावर डोळे उघडले. वार उलटे: दोन बरोबर, मग सुलट. ठिकाण 'घर' सांगितलं. हवेत हात मारतो. ताप १०१.४, नाडी ११८, साखर १०२. ड्युटी डॉक्टरांना २.१५ला कळवलं.'