कंपनी बदलण्याआधी दोन पिंग एकाच वेळी चालवून बघा

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: १०० एमबीपीएसचं फायबर आहे, हॉलमध्ये मोबाइलवर स्पीड टेस्ट ९० च्या पुढे जाते, आतल्या बेडरूममध्ये लॅपटॉपवर १०-१५ वर अडकते आणि संध्याकाळी सातनंतर ऑफिसचा व्हिडिओ कॉल तुटत राहतो. कस्टमर केअर म्हणतं लाइन ओके आहे. मग कंपनी बदलू की महागातला राउटर घेऊ?

आत्ता यातलं काहीच करू नका. संध्याकाळी नेट बिघडतं म्हटलं की सगळे कंपनीला दोष देतात. पण संध्याकाळीच शेजारपाजारचे लोक घरी येतात आणि त्यांचे वायफाय जोरात चालू होतात. संध्याकाळीच घरातले मोबाइल वायफायला लागून दिवसभराचे फोटो क्लाउडवर चढवायला घेतात. आणि कंपनीच्या लाइनवरही गर्दी त्याच वेळी होते. तिन्हींची वेळ एकच, त्यामुळे नुसत्या वेळेवरून कारण ठरवता येत नाही. मोजावंच लागतं.

पहिलं काम म्हणजे लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडा, वायफाय बंद करा आणि स्पीड टेस्ट घ्या. एकदा दुपारी, एकदा रात्री नऊच्या सुमारास. सर्व्हर मात्र बदलून बघा, कारण टेस्ट बहुतेक वेळा तुमच्याच कंपनीचा किंवा जवळचाच सर्व्हर निवडते आणि तिथपर्यंतचा रस्ता मोकळाच असतो. १०० च्या प्लॅनवर वायरने ९४-९५ आलं तर ते पूर्ण समजा. २०० किंवा ३०० चा प्लॅन असूनही आकडा नेमका ९४ वरच थांबत असेल, तर दोष केबलचा किंवा पोर्टचा. गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात. एखादी तार प्लगमध्ये नीट बसली नसली तर जोडणी बहुधा मुकाट्याने १०० वर उतरते. विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये ‘लिंक स्पीड’ १०० दिसते की १०००, तेवढं पाहिलं की लगेच कळतं. स्वस्तातल्या बऱ्याच राउटरचे पोर्टच १०० चे असतात, तिथे केबल बदलून उपयोग नाही.

आता मुख्य गोष्ट. स्पीड टेस्ट अर्ध्या मिनिटाची सरासरी सांगते. कॉल तुटतो तो मधल्या एक-दोन सेकंदांच्या खोळंब्याने, आणि तो सरासरीत दिसत नाही. म्हणून पिंग, म्हणजे समोरच्या यंत्राला छोटा संदेश पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी कमांड. कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीत राउटरच्या पत्त्याला सतत पिंग लावा (बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, नक्की कोणता ते आयपीकॉन्फिग (ipconfig) कमांडमध्ये ‘डिफॉल्ट गेटवे’पुढे दिसेल). दुसरीत ८.८.८.८ ला, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटवरच्या गूगलच्या सर्व्हरला. मागे मायनस टी (-t) लावायला विसरू नका, नाहीतर चार ओळींत थांबेल. हे बेडरूममध्ये, वायफायवर, कॉल तुटतो त्याच वेळी करा.

राउटरचा पिंग एरवी १ ते ५ मिलिसेकंद असायला हवा. तोच मध्येच १००-२०० वर उडत असेल किंवा ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ येत असेल, तर भानगड घरातल्या हवेत आहे आणि कोणतीही कंपनी आणली तरी ती तशीच राहील. राउटरचा पिंग शांत आणि फक्त बाहेरचा उडतोय, तर गडबड राउटरच्या पलीकडे किंवा खुद्द राउटरमध्ये साचणाऱ्या रांगेत.

तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून मला पहिलीच शक्यता जास्त वाटते. हॉलमध्ये ९० आणि आत १५, हा फरक भिंतींचा आहे. आपल्याकडचे नेटवाले राउटर बसवतात तो वायर जिथून घरात शिरते तिथे, म्हणजे दाराशेजारी, टीव्हीमागे, कधी चपलांच्या कपाटावर. तिथून बेडरूमपर्यंत दोन भिंती आणि एखादा आरसीसी कॉलम लागला की वायफायचा ५ गिगाहर्ट्झचा वेगवान पट्टा पोहोचत नाही आणि लॅपटॉप आपणहून २.४ गिगाहर्ट्झच्या लांब पोहोचणाऱ्या पट्ट्यावर जातो. २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. अपार्टमेंटमध्ये वीस-पंचवीस राउटर त्या तिघांत कोंबलेले असतात. वायफायवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं, बाकीच्यांनी थांबायचं, त्यामुळे शेजारच्यांचे मोबाइल बोलत असताना तुमचा लॅपटॉप अक्षरशः वाट बघत असतो.

वायफाय अ‍ॅनालायझरसारखं अ‍ॅप मोबाइलवर घ्या आणि बेडरूममध्ये सिग्नल बघा. तो डीबीएममध्ये दिसतो, आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरात. उणे ६५ डीबीएमच्या आसपास असेल तर कॉल नीट चालायला हवा. उणे ७५ च्या खाली गेलं की आशा सोडा. २.४ आणि ५ ला वेगवेगळी नावं द्या, म्हणजे लॅपटॉप कुठे आहे ते दिसेल. २.४ ची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा, ४० केली तर अर्धं मैदान एकटे अडवाल आणि सगळ्यांचा मार खाल. राउटर उंचावर आणि घराच्या मध्याकडे आणता आला तर सर्वांत उत्तम. नाही आला तर बेडरूमपर्यंत लॅन केबल ओढून तिथे दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट (केबलवरून तिथे वायफाय देणारी पेटी) लावा. साधा रिपीटर मी सुचवणार नाही: तो त्याच चॅनेलवर ऐकतो आणि पुन्हा तेच बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो.

दुसरी शक्यता तपासायला आणखी एक प्रयोग करा, तो फार लोक करत नाहीत. पिंग चालू ठेवून मोबाइलवरून एखादा मोठा व्हिडिओ ड्राइव्हवर अपलोडला लावा. ८.८.८.८ चा पिंग १० वरून ३०-४० झाला तर ठीक. ३००-५०० झाला तर याला बफरब्लोट म्हणतात. हे नाव २०१० च्या सुमारास जिम गेटिस यांनी रूढ केलं. मेमरी स्वस्त झाली तसे उपकरणांमधले बफर, म्हणजे डेटा तात्पुरता साठवायच्या जागा, मोठे झाले. लाइन भरली की पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) फेकून द्यायचं सोडून राउटर ते साठवत राहतो, पाठवणाऱ्याला गर्दी झाल्याचं कळतच नाही, आणि तुमच्या आवाजाचं चिमुकलं पॅकेट त्या लांबलचक रांगेच्या शेवटी उभं राहतं. कॉलला तीन-चार एमबीपीएस पुरतात. ते शिल्लकही असतात, फक्त वेळेवर मिळत नाहीत. सीसीटीव्हीचं क्लाउड रेकॉर्डिंग आणि फोटोंचा बॅकअप हे इथले नेहमीचे कारणीभूत. बॅकअप रात्री उशिरावर ढकला. राउटरमध्ये एसक्यूएम किंवा एफक्यू-कोडेल (रांग आटोक्यात ठेवणाऱ्या सोयी) असेल तर ते चालू करून मर्यादा वायरवर मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्के ठेवा. थोडा वेग जातो, पण रांग तुमच्या ताब्यात येते.

आणि वायरवरही, घरातलं सगळं बंद असताना, रात्री वेग पडत असेल आणि पिंग उडत असेल, तर मात्र कंपनीला धरा. त्याआधी ओएनटीच्या, म्हणजे फायबर जिला जोडलेली असते त्या पेटीच्या, सेटिंगच्या पानावर ‘आरएक्स पॉवर’ (फायबरमधून येणाऱ्या सिग्नलची ताकद) बघून घ्या. जीपॉनमध्ये (एकच फायबर अनेक घरांत वाटणारी पद्धत) सर्वसाधारण ओएनटी उणे २७ डीबीएमपर्यंत सिग्नल पकडतो. उणे २५ पेक्षा कमजोर (उणे २६, २७) झाला असेल तर काठावर आहात. भिंतीजवळ फायबर करकचून वळलेली आहे का, हिरव्या कनेक्टरमध्ये निळा खुपसलाय का (दोघांची टोकं वेगळ्या कोनात घासलेली असतात, नुकसान होतं), हे डोळ्यांनी दिसतं. आकडा चांगला असूनही फक्त रात्रीच त्रास होतो, तर पुढच्या जोडणीवर गर्दी आहे. जीपॉनचे २.५ गिगाबिट एका पोर्टवर ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात, आणि त्यापुढची लाइन आणखी अरुंद असू शकते.

तक्रार करताना ‘नेट स्लो आहे’ असं लिहू नका, त्यावर ‘राउटर रीस्टार्ट करा’ एवढंच उत्तर येतं. वायरवरचा दुपारचा आणि रात्रीचा आकडा, दोन्ही पिंगचे स्क्रीनशॉट आणि आरएक्स पॉवर लिहा आणि डॉकेट नंबर (तक्रार क्रमांक) मागून घ्या. मुदतीत काही झालं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर त्याच नंबरवर कंपनीच्या अपिलेट अथॉरिटीकडे अपील करता येतं. ट्रायच्या (दूरसंचार नियामक) २०१२ च्या नियमांत ही सोय आहे. गल्लीतल्या केबलवाल्याकडून जोडणी असेल तरी, बिल ज्या कंपनीच्या नावाने येतं तिच्याकडेच तक्रार नोंदवा.