मेळघाटात रुजू होणाऱ्या डॉक्टरला

चि. मुली,
सप्रेम आशीर्वाद.

बंधपत्रित सेवेसाठी, म्हणजे शिक्षणानंतरच्या बंधनकारक सरकारी सेवेसाठी, तुझी नेमणूक चिखलदरा तालुक्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रावर झाल्याचे कळले. सोबत कोणती पुस्तके आणि औषधे न्यावीत, असे तू विचारले आहेस. औषधांचे तुझ्या केंद्रातील औषधनिर्माता सांगेलच. मला त्याआधीचे सांगायचे आहे. मेळघाटातील मूल कोणत्या महिन्यात आजारी पडते हे लक्षात आल्याशिवाय ते का आजारी पडते हे उमगत नाही. म्हणून रुजू झाल्यावर पहिल्यांदा गावाचे वर्ष समजून घे आणि तुझ्या कामाची आखणी त्या वर्षाप्रमाणे कर. दरमहाचे अहवाल त्याच्या मागून येतील.

अमरावती जिल्ह्यातील धारणी आणि चिखलदरा हे दोन तालुके मिळून मेळघाट होतो. सातपुड्याच्या गाविलगड रांगांतील हा प्रदेश चिखलदऱ्याच्या पठारावर समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे आणि धारणीकडे तापीच्या खोऱ्यात उतरत जातो. सिपना, खापरा, गडगा, डोलार या नद्या उन्हाळ्यात दगडधोंड्यांतून चालत ओलांडता येतात, पण पावसाळ्यात त्याच नद्या-नाल्यांमुळे आतल्या गावांचा संपर्क तुटतो. इथला मेळघाट व्याघ्रप्रकल्प १९७४ पासूनचा, म्हणजे देशातील पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी एक. त्यामुळे जंगलातील गावांना रस्ता, वीज आणि मोबाईलचा मनोरा या प्रत्येक गोष्टीसाठी परवानग्यांची वाट पाहावी लागते. धारणीहून अमरावतीचे अंतर सुमारे दीडशे किलोमीटर आहे आणि त्यातला बराचसा रस्ता घाटाचा आहे. अडलेल्या बाळंतिणीला पुढे पाठवण्याचा निर्णय घेताना हा घाट तुझ्या हिशेबात असला पाहिजे.

वर्ष मोजायचे ते आषाढापासून. या दिवसांत घरातले मागील हंगामाचे धान्य संपत आलेले असते, मजुरी मिळत नाही आणि स्वतःच्या शेतातली पेरणी-निंदणी मात्र थांबवता येत नाही. आई उजाडताच शेतावर जाते, तान्हे मूल आठ-नऊ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर राहते, आणि दिवसा अंगावर पाजणे तेवढे कमी होते. त्यातच विहिरीत आजूबाजूचे पाणी उतरते. जुलै २०२२ मध्ये पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत विहिरीच्या दूषित पाण्यामुळे जुलाबाची साथ पसरली आणि माणसे दगावली, ती याच दिवसांत. जुलाबाने मुलाचे वजन उतरते, उतरलेल्या वजनाच्या मुलाला न्यूमोनिया गाठतो, आणि आपण मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात फक्त न्यूमोनिया लिहितो. १९९३ साली मेळघाटातील बालमृत्यूंची बातमी देशभर गेली, त्याला आता तीन दशके उलटली. या काळात योजना आल्या, उच्च न्यायालयात वर्षानुवर्षे सुनावण्या झाल्या, तरी आषाढ-श्रावणाची ही साखळी पूर्ण तुटलेली नाही. हे लिहिताना मला आजही अस्वस्थ होते.

त्यामुळे पावसाळ्याचे काम मे महिन्यातच संपवायचे असते. १९९५ पासूनच्या नवसंजीवनी योजनेत संपर्क तुटणाऱ्या गावांत धान्य आणि औषधे पावसाआधी पोहोचवण्याची तरतूद आहे. ती तुझ्या गावांपुरती प्रत्यक्षात आली की नाही, हे रेशन दुकानात स्वतः जाऊन पाहा. जून ते सप्टेंबर या काळात कोणाकोणाची बाळंतपणे आहेत, याची गाववार यादी आशा आणि अंगणवाडी सेविकेसोबत बसून कर आणि ज्या स्त्रिया नाल्यापलीकडे राहतात त्यांना माहेरघरात, म्हणजे आरोग्य केंद्रालगतच्या गरोदर स्त्रियांच्या निवासात, काही दिवस आधी येऊन राहण्यासाठी राजी कर. मात्र तिच्यामागे घरची लहान मुले आणि गुरे कोण सांभाळणार, याचे उत्तर तिच्या सासूकडून मिळाल्याशिवाय ती येणार नाही; म्हणून बोलणी सासूशी आधी कर. प्रत्येक आशाताईला मुलाचे श्वास मिनिटभर पूर्ण मोजायला पुन्हा एकदा शिकव: दोन महिन्यांच्या आतील बाळाचे ६० किंवा अधिक, वर्षाच्या आतल्याचे ५० किंवा अधिक, आणि पुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास असतील तर ते न्यूमोनियाचे लक्षण समजून उपचाराला थांबायचे नाही. पुलावर पाणी असताना एवढे ज्ञान आणि पिशवीतील औषध हाच त्या गावाचा दवाखाना असतो.

दिवाळीनंतर चित्र पालटते. शेतातले काम संपले की कुटुंबेच्या कुटुंबे मजुरीसाठी सपाटीवर उतरतात आणि मुलांनाही सोबत नेतात. गाव अर्धे रिकामे होते, लसीकरणाच्या नोंदी तुटतात, तीव्र कुपोषित म्हणून उपचार सुरू केलेले मूल मधेच दिसेनासे होते. जाण्याआधी कुटुंब कोणत्या गावी जाणार हे विचारून ठेव आणि तिथल्या केंद्राला कळव. ही माणसे होळीला नक्की परततात, कारण होळी हा इथल्या कोरकू आदिवासींचा सर्वांत मोठा सण आहे. शिबिर घ्यायचे तर होळीनंतरच्या दिवसांत घे. दंडाची मोजपट्टी सगळ्या मुलांना लावून होईल अशी वेळ वर्षात दुसरी नाही. दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते मूल तीव्र कुपोषित, आणि त्याच्याकडे पावसाळा सुरू होण्याआधी दोन-अडीच महिने आहेत, असे समज. मग मोह वेचणीचे आणि तेंदूपानाचे दिवस येतात. तेव्हा पहाटेच माणसे जंगलात असतात, त्यामुळे सकाळी दहाची बैठक ठेवू नकोस.

आहाराविषयी बोलताना जपून बोल. कोदो, कुटकी, सावा, ज्वारी ही धान्ये इथल्या ताटात पूर्वापार होती. आता बऱ्याच शेतांत सोयाबीन आहे, जे विकले जाते, खाल्ले जात नाही. आईला अज्ञानी ठरवून पोषणाचा पाठ देण्याआधी तिच्या कणगीत काय आहे ते पाहा. बैरागडला १९८० च्या दशकापासून काम करणारे डॉ. रवींद्र कोल्हे आणि डॉ. स्मिता कोल्हे, ज्यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली, ते दवाखान्यातून शेतीकडे आणि रेशन दुकानाकडे वळले, यामागे मला हेच कारण दिसते.

भुमकाशी, म्हणजे गावातल्या पारंपरिक वैदूशी, वैर धरू नकोस. पोट फुगलेल्या बाळाला तापलेल्या विळ्याने चटके देण्याची प्रथा, ज्याला डंबा म्हणतात, अजून पूर्ण गेलेली नाही, आणि ती थांबलीच पाहिजे, याबाबत कोणतीही तडजोड नको. परंतु रात्री दोन वाजता मूल घेऊन आई त्याच्याकडे जाते, कारण तो गावातच असतो, तिची भाषा बोलतो आणि तिला ओरडत नाही. त्याच्या घरी जाऊन बस, त्याचा मान राख, आणि असे मूल आले की आधी तुझ्याकडे पाठवण्याचा शब्द त्याच्याकडून घे. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा असल्यामुळे तुला मराठीच्या आधाराने ती समजणार नाही. निदान दुखणे, ताप, जुलाब, पाणी, दूध एवढ्यापुरती तरी ती परिचारिकेकडून शिकून घे.

तुझी सेवा एक वर्षाची आहे, आणि तुझ्यानंतर येणारा डॉक्टरही बहुधा तुझ्याप्रमाणे नवाच असेल. म्हणून सरकारी नोंदवहीखेरीज एक वेगळी वही ठेव: कोणता नाला किती पावसात बंद होतो, कोणत्या ढाण्यातील (वस्तीतील) विहीर गढूळ होते, कोणते कुटुंब कुठे मजुरीला जाते, कोणत्या भुमकाने शब्द दिला आणि पाळला. ती वही जाताना परिचारिकेच्या हाती दे, कारण डॉक्टर बदलत राहिले तरी ती बहुधा तिथेच असेल.

तुझा,
सर