खर्च कितीला पडला, आणि कशापायी?

प्रश्न असा आहे: ‘मी नाशिकच्या सातपूरमधल्या एका कारखान्यात हिशेब बघते. ॲक्टिव्हिटी बेस्ड कॉस्टिंग म्हणजे काय आणि जुन्या पद्धतीपेक्षा ते वेगळं कसं, याचं दोन पानी टिपण सुपरवायझर मंडळींसाठी मराठीत करायचं आहे. भाषांतराच्या यंत्राने “क्रियाकलाप-आधारित परिव्ययन” दिलं. ओव्हरहेडला “वरखर्च” चालेल की “उपरिव्यय”? आणि कॉस्ट ड्रायव्हरचं काय करू? “खर्चचालक” लिहिलं तर सगळे हसतील.’

हसतीलच. खर्चचालक म्हटलं की कंपनीच्या गाडीवरचा माणूस डोळ्यांपुढे येतो. कॉस्ट ड्रायव्हर म्हणजे खर्च ज्या कारणाने वाढतो ते कारण. पण त्याच्याकडे शेवटी येतो, आधी ‘परिव्यय’.

‘व्यय’ म्हणजे खर्च होणं, झिजणं, नाहीसं होणं. शाळेत व्याकरणात भेटलेलं ‘अव्यय’ त्याच घरातलं, ज्याच्यात बदल किंवा घट होत नाही ते. ‘खर्च’ अरबीतून फारसीमार्गे आलेला, मूळ अर्थ बाहेर जाणं. कॉस्ट आणि एक्स्पेन्स या दोन्हींना मराठीत ‘खर्च’च म्हणतात, म्हणून पाठ्यपुस्तकांनी कॉस्टसाठी ‘परिव्यय’ उचलला. हेतू वाईट नव्हता. पण बोलणाऱ्या माणसाने हा फरक नामात न ठेवता क्रियापदात ठेवला आहे, तो कुणाच्या लक्षात आला नाही. ‘या महिन्यात लाइट बिलावर चाळीस हजार खर्च झाला’ हा एक्स्पेन्स. ‘एका बुशला (मशीनच्या छोट्या सुट्या भागाला) किती खर्च येतो?’, ‘नग कितीला पडतो?’ ही कॉस्ट. खर्च होतो तो एक, येतो किंवा पडतो तो दुसरा. निफाडचा कांदेवाला ‘क्विंटल कितीला पडला’ हेच बोलतो. १९८० साली शेतकरी संघटनेचं आंदोलन याच नाशिक जिल्ह्यात पेटलं तेव्हा उत्पादन खर्चावर आधारित भाव मागितला होता. ‘उत्पादन परिव्यय’ मागितला असता तर रस्त्यावर किती लोक उतरले असते, कोण जाणे. टिपणात ‘खर्च’ ठेवा आणि क्रियापदं जपा.

आता ओव्हरहेड, म्हणजे कुठल्याच एका नगावर थेट टाकता न येणारा खर्च. ‘उपरिव्यय’ परीक्षेच्या पेपरला ठीक. ‘वरखर्च’ कानाला गोड लागतो, पण घात करतो. वरखर्च म्हणजे मुलाला फी भरून शिवाय हातात ठेवलेले पैसे: किरकोळ, टाळता येण्याजोगे. कारखान्यात सेटिंग (नव्या मालासाठी मशीन जुळवणं), तपासणी, स्टोअर, मशीनची देखभाल, सुपरवायझरचा पगार हे काही किरकोळ नसतं. नव्या पद्धतीचा जन्मच त्यातून आहे. हार्वर्डचे रॉबिन कूपर आणि रॉबर्ट कॅप्लन यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिलं की यंत्रं वाढली, थेट मजुरीचा वाटा घटला, बाकीचा खर्च फुगला, आणि हिशेब मात्र तो फुगलेला खर्च मजुरीच्या किंवा मशीनच्या तासांवर वाटत बसला. माझं मत ‘सामाईक खर्च’. सामाईक विहीर, सामाईक भिंत आपल्याला नवी नाही. ती कुणा एकाची नसते आणि तिच्यावरून भांडणंही नेमकी होतात.

त्या भांडणात खरा मुद्दा आहे. मराठीत खर्च ‘वाटतात’ आणि खर्च ‘लावतात’. जुनी पद्धत सगळा खर्च एकाच मापाने वाटते, नवी (ॲक्टिव्हिटी बेस्ड) ज्या कामामुळे खर्च झाला ते बघून लावते. सोसायटीचं महिन्याचं बिल बघा. महाराष्ट्रातल्या सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत पाण्याचे पैसे नळजोडांची संख्या आणि आकार पाहून लावतात. लिफ्टचा खर्च मात्र सगळ्यांवर सारखा, तळमजल्यावरच्या काकूंवरसुद्धा. एकाच कागदावर दोन्ही पद्धती. काकू दर सभेला काय बोलतात ते तुम्हाला माहीत असेलच.

नाशिकच्याच अंबडमधल्या एखाद्या वर्कशॉपचं उदाहरण घेऊ, आकडे सोयीचे. एक जॉब महिन्याला ९,००० नग, तीन सेटिंगमध्ये उरकतो. दुसरा फक्त १,००० नग, पण गिऱ्हाईक थोडा थोडा माल मागतो, म्हणून नऊ सेटिंग. दोन्हींना मशीनवर नगामागे सहा मिनिटं, म्हणजे ९०० तास आणि १०० तास. सामाईक खर्च २,४०,०००. जुन्या रीतीने १,००० तासांवर वाटला की तासाला २४०, नगाला २४. दोघांना सारखाच. आता विचारा, हे पैसे कशापायी गेले? समजा निम्मे सेटिंग आणि पहिल्या नगाच्या तपासणीपायी, निम्मे मशीन चालवण्यापायी. बारा सेटिंगचे १,२०,०००, म्हणजे सेटिंगला १०,०००. मशीनचे तासाला १२०, नगाला १२. मोठ्या जॉबवर सेटिंगचे ३०,००० आले, नगाला ३.३३, एकूण १५.३३. छोट्यावर ९०,००० आले, नगाला ९०, एकूण १०२. आधी चोवीस, आता एकशेदोन! छोट्या जॉबचा बोजा मोठा जॉब निमूट वाहत होता आणि भाव जास्त म्हणून त्याचीच ऑर्डर हातची जायची.

अंबडमधला जॉबवर्क करणारा मात्र ‘अवर रेट एवढा, सेटिंगचे वेगळे’ असंच कोटेशन देतो. त्याने कूपर-कॅप्लन वाचलेले नसतात. (हार्वर्डचा गाजलेला धडाही जॉन डिअरच्या सुट्या भागांच्या कारखान्याचा, आपल्या लेथवर टर्निंग करणाऱ्यांच्या जवळचा.)

तर ड्रायव्हरसाठी शब्द वर येऊन गेला: ‘पायी’. लग्नापायी कर्ज, हौसेपायी घर गहाण. या एका प्रत्ययासारख्या शब्दात कारणही आहे आणि थोडी तक्रारही. तक्त्यात रकान्याचं नाव सरळ ‘कशापायी’ ठेवा. फारच अनौपचारिक वाटलं तर ‘खर्चाचं निमित्त’. त्याखाली ‘सेटिंगची संख्या’, ‘मशीनचे तास’ असं लिहिलं की समजावून सांगावं लागणार नाही.

राहिली ‘ॲक्टिव्हिटी’. ‘क्रियाकलाप’ हिंदी वर्तमानपत्रातून आल्यासारखा वाटतो. ‘कार्य’ म्हटलं की मांडव आठवतो, ‘उपक्रम’ म्हटलं की शाळा. माझा पहिला कौल ‘कामनिहाय’ला होता, जिल्हानिहाय, गावनिहाय आपण सहज बोलतो आणि ‘-आधारित’चं शेपूटही गळतं. पण कारखान्यात ‘काम आलंय’ म्हणजे ऑर्डर आली, जॉब आला. ‘कामनिहाय खर्च’ वाचून तुमचा सुपरवायझर जॉब कॉस्टिंग, म्हणजे एकेका ऑर्डरचा हिशेब, समजेल; ती पार दुसरीच गोष्ट. म्हणून ‘कृतिनिहाय खर्च’. कृती म्हटली की पाककृती आठवेल. आठवू दे, तिथेही पायऱ्याच असतात. समासात ‘कृति’ ऱ्हस्व लिहा, ‘कृतिशील’मध्ये लिहितो तशी. जुन्या पद्धतीला ‘पारंपरिक’ म्हणण्यापेक्षा ‘सरसकट’ म्हणा. एकाच प्रकारचा माल काढणाऱ्याला सरसकट हिशेब पुरतोही, आणि कृती मोजत बसण्याची मेहनतही फुकट नसते. त्या मेहनतीला कंटाळूनच २००४ साली कॅप्लन आणि अँडरसन यांनी नुसता वेळ मोजायची सोपी तऱ्हा मांडली.

एक अडचण तुम्हाला लगेच येईल. वॉचमनचा पगार आणि शेडचं भाडं ‘कशापायी’च्या रकान्यात बसणार नाही. ते कुठल्याच जॉबपायी नसतं, कारखाना उघडा आहे म्हणून असतं. ओढूनताणून निमित्त शोधू नका. वेगळी ओळ करा आणि तिथे प्रामाणिकपणे ‘सरसकट’ लिहा.