रडारचं ते छायाचित्र नव्हे

निपाणीच्या एका वाचकाचा प्रश्न आहे: कृष्णेच्या पुराचं छायाचित्र उपग्रहाच्या रडारनं 'काढलं' म्हणावं की 'टिपलं'? बातमीत दोन्ही वापरलेत म्हणे.

अहो, क्रियापद राहू दे, आधी नामच चुकलंय! छायाचित्राला उजेड लागतो. रडार स्वतःच रेडिओ लाटा सोडतं आणि माघारी येतील तेवढ्या मोजतं. रात्र असो, आभाळ भरलेलं असो, त्याचं अडत नाही. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा एकदम चढल्या. तसल्या पावसात साध्या कॅमेऱ्याला वरून नुसते ढग दिसतात. 'छायाचित्र' म्हटलं की लोक ते डोळ्यांनी पाहिल्यासारखं वाचतात. काळा पट्टा दिसला, की म्हणतात अथणीकडची काळी माती. ते पाणी असतं! संथ पाण्यावरून लाट पलीकडं निसटते, माघारी जवळजवळ काहीच येत नाही, म्हणून काळं. उभ्या पिकात पाणी शिरलं तर लाट पाण्यावर नि देठांवर आपटून परतते. तिथं पूर उलट उजळ दिसू शकतो.

योग्य शब्द 'प्रतिमा'. मूळ धातू 'मा', म्हणजे मोजणे. प्रमाण, परिमाण, अनुमान, उपमा, माप, एवढंच काय, धान्य मोजायचं मापटंसुद्धा याच कुळातलं. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात प्रमा कोणती, प्रतिमा कोणती, असे प्रश्न लागोपाठ येतात; तिथं बोलणं मापाचंच आहे. कन्नडमध्ये 'प्रतिमे' म्हणजे मूर्ती, त्यामुळं आपल्या भागात चांगले मराठी शिक्षकही या शब्दाला बिचकतात. कशाला बिचकायचं? रडारच्या चित्रातला प्रत्येक ठिपका परतलेल्या लाटेचं माप असतो. याहून नेमका शब्द नवा घडवूनही मिळाला नसता.

कोशाचा दाखला देणारे म्हणतील, संस्कृतात छाया म्हणजे कांतीसुद्धा. असेल, पण कांतीही उजेडाचीच की! ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून गेलेला 'निसार' हा रडारवाला उपग्रह दर १२ दिवसांनी त्याच वाटेवर येतो. दोन फेऱ्यांतल्या परतलेल्या लाटा ताडून पाहिल्या, की जमीन काही सेंटिमीटर खचली तरी कळतं. हे मोजणं आहे, आणि मोजण्याला 'छाया' म्हणणारा कोश मला मान्य नाही.

'टिपली' म्हणा. प्रतिमा टिपली.